राहून गेलेली कुऱ्हाड

पार्सलात काय आहे, असं काउंटरवरच्या मुलीनं विचारलं तेव्हा ओस्मोनं "कुऱ्हाड" म्हणून सांगितलं, आणि त्याच क्षणी त्याचा डावा गाल गरम झाला. म्हणजे अगदी चपराक बसल्यासारखा. मुलगी हसली नाही, दचकलीही नाही. हेलसिंकीत नोव्हेंबर महिन्यात कुणी कशाला दचकत नाही. "पातं नीट गुंडाळलंय ना?" एवढंच तिनं विचारलं. गुंडाळलं होतं. ओस्मो गुंडाळणार म्हटल्यावर काय विचारता: आधी तेलाचं फडकं, मग पुठ्ठा, मग बुडबुड्यांचं प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टीचे सहा वेढे, आणि सगळ्यांत वर त्याच्या त्या सुबक अक्षरात सुतार तौनोचं नाव आणि हाऊकिवारा गावाचा पत्ता. शहरातल्या शाळांच्या भिंतींत ओल किती, बुरशी किती, आतली हवा कशी, हे मोजण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. नमुन्याच्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी डकवून डकवून अक्षर असं झालं होतं. पावती खिशात घालून तो बाहेर आला आणि दुकानाच्या काचेत त्यानं गाल पाहिला. काही नव्हतं. दाढ असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पार्सलात त्यानं एक चिठ्ठीही घातली होती: 'आपली कुऱ्हाड आमच्याकडे राहून गेली होती, ती परत पाठवत आहे. काळजी नसावी.' शेवटचे दोन शब्द त्यानं मागाहून वाढवले होते, म्हाताऱ्याला आपल्या विसराळूपणाची लाज वाटू नये म्हणून. एक काम हातावेगळं झालं, अशा समाधानात तो घरी गेला. गाल मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत तसाच होता.

काम म्हणजे घर. बाबांसाठी ओंडक्यांचं घर, हाऊकिवाराच्या जुन्या जोत्यावर. बाबा, म्हणजे विल्यो, चौऱ्याऐंशी वर्षांचे, शहरातल्या एका शुश्रूषागृहात चौथ्या मजल्यावर राहत होते. तिथली खिडकी उघडत नसे. भिंती काँक्रीटच्या, हवा छतातल्या जाळीतून यायची आणि दुसऱ्या जाळीतून जायची. "इथली हवा आधी कुणीतरी वापरलेली असते रे," बाबा म्हणायचे, आणि ओस्मोला ते खोडता येत नसे, कारण त्याच्या यंत्रावरचे आकडेही साधारण तेच म्हणत. मागच्या वसंतात बाबा पहिल्यांदा पडले, आणि डॉक्टरीणबाईंनी वर्षांच्या भाषेत बोलणं सोडून ऋतूंच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. तेव्हा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडं काही मागितलं. "एकदा लाकडाच्या भिंतीला पाठ लावून बसायचंय," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच पुढं सांगितलं, "मरायला नव्हे रे, बसायला." त्याच संध्याकाळी ओस्मोनं निळी फाइल विकत आणली. परवाना, नकाशा, पाया, लाकूड, माणसं, असे पाच कप्पे केले. हिवाळ्यात झाडं पाडायची, वसंतात साल काढायची, उन्हाळ्यात भिंती, पानगळीच्या आत छप्पर, म्हणजे पुढच्या वर्षी याच सुमारास बाबा आत. फाइल फुगत गेली. त्याची बायको सेइया म्हणाली, "फाइलीतच इतकं छान घर झालंय, बाबांना तिथंच नेऊन ठेवू या की." तो हसला खरा, पण 'माणसं' हा कप्पा तेवढा रिकामा होता, आणि तो रिकामा कप्पा त्याला रात्री जागं करायचा.

तसं त्या जोत्यावर एकेकाळी घर होतंच की. आजोबांनी बांधलेलं. एकोणीसशे एकोणसत्तर साली, ओस्मो नऊ वर्षांचा असताना, ते घर उचलून नेलं. ओंडक्यांचं घर उचलता येतं, हीच त्याची गंमत आणि हेच त्याचं वाईट. दक्षिणेकडच्या एका दातांच्या डॉक्टरला तलावाकाठी उन्हाळ्यात राहायला जुनं घर हवं होतं. बाबांना शहरात तारांच्या कारखान्यात काम मिळालं होतं. ओंडक्यांवर नंबर घालायला डॉक्टरची माणसं आली तर बाबांनी त्यांच्या हातून कुंचला काढून घेतला आणि प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला तांबड्या रंगानं स्वतः आकडे घातले. उत्तरेची भिंत, खालून पहिला. उत्तरेची भिंत, खालून दुसरा. "तिकडं नीट लागलं पाहिजे," एवढंच म्हणाले. ओस्मो रंगाचा डबा धरून मागोमाग चालत होता. डबा जड होता, कडी बोटात रुतत होती, आणि आपण हळूच एक आकडा चुकीचा सांगितला तर घर तिकडं लागणारच नाही, मग ते परत आणतील, असा विचार त्याच्या मनात आला होता. पण चुकीचा आकडा त्यानं सांगितला नाही. दोन दिवसांत घर मालमोटारींवर चढलं. ओंडक्यांच्या फटीतलं वाळकं शेवाळ वाऱ्यानं अंगणभर पसरलं होतं आणि आई ते झाडत होती, जिथं घरच उरलं नव्हतं तिथलं अंगण झाडत होती. मागं उरलं दगडाचं जोतं, वाफेनं न्हायची सौनाची कोठडी, आणि सरपणाची खोपी. पुढं निवृत्त झाल्यावर बाबा दर उन्हाळ्यात गावी जाऊन राहू लागले. कुणाला काही न सांगता त्यांनी मागच्या रानातल्या नव्वद पाइनवृक्षांची साल उभी सोलून काढली, उत्तरेकडं एक पट्टा तेवढा ठेवून. अशी जखम केली की झाड मरत नाही, पण राळ सोडत राहतं, आणि वीस वर्षं उभ्या उभ्या मुरलेल्या त्या लाकडाला, पाडल्यावर उरलेली साल वेळेत काढली तर, मग कीड लागत नाही की पाणी. वीस वर्षं. चौसष्टाव्या वर्षी माणसानं असं काम सुरू करावं, याला काय म्हणायचं ते ओस्मोला कधी कळलं नाही.

"तौनोला विचार," बाबांनी सांगितलं होतं. "दुसरं कुणी नको. त्याच्या बापानं, हेम्मीनं, आपला गोठा बांधला." म्हणून ऑक्टोबरात तौनो आला. त्र्याहत्तरीचा, उंच, थोडा वाकलेला, हातात स्वतःची कुऱ्हाड. ती त्यानं काठीसारखी टेकवली नाही की खांद्यावर टाकली नाही, नुसती धरली होती. रानात तो प्रत्येक झाडाशी थांबला. सोललेल्या जागी तळवा ठेवायचा, कुऱ्हाडीची मागची बाजू खोडावर एकदा मारायची, ऐकायचं, पुढं. नव्वद झाडं. तीन तास. "विल्योनं सोललीयत," शेवटी तो म्हणाला. "हो, वीस वर्षं झाली." "दिसतंय." मग ते खोपीत ठोकळ्यांवर बसले. ओस्मोनं थर्मासातून कॉफी ओतली, सेइयाचा वेलदोड्याचा पाव पुढं केला. तौनोनं कप घेतला आणि तो फळीवर टेकवताना कप वाजला. टकटकटक, दात वाजावेत तसा. ओस्मोनं सभ्यपणानं नजर काढून दाराबाहेर पाहिलं. मग फाइल उघडली. किती माणसं लागतील, कधीपासून येता येईल, कराराच्या दोन प्रती आणल्यात, असं सगळं त्यानं एका दमात विचारलं, नंतर त्याला वाटलं की जरा जास्तच भराभर. तौनो पानं उलटत होता. घर बांधल्यावर ओंडके सुकून आणि स्वतःच्या वजनानं भिंत मीटरमागं किती खाली बसते त्याचा तक्ता ओस्मोनं तीन रंगांत केला होता, तिथं तो थांबला. "घर आपणहून बसतं," तो म्हणाला. "त्याला तक्ता दाखवावा लागत नाही." "नाही, तसं नव्हे, पण खिडक्यांच्या वर जागा सोडावी लागेल ना..." "ती सोडतोच," तौनो म्हणाला, फाइल मिटून नीट ओस्मोच्या मांडीवर ठेवली, उठला, बाहेर गेला. खोपीच्या भिंतीवर एक आवाज झाला, दार आपटल्यासारखा. मग त्याची गाडी सुरू झाली. ओस्मोनं 'माणसं' या कप्प्यात लिहिलं: तौनो, उत्तर दिलं नाही. तासाभरानं सरपण आणायला गेला तेव्हा त्याला खोपीच्या भिंतीत, बरोबर छातीच्या उंचीवर, रुतवलेली कुऱ्हाड दिसली. अरेरे, विसरले बिचारे, असं त्याच्या मनात आलं. खरोखर अगदी हेच शब्द आले. तौनोचा फोन कुणी उचलत नव्हता. हिवाळा तोंडावर, पातं गंजेल, कुणी उचलून नेईल. त्यानं दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय भिंतीला लावला आणि ती उपटली. सहज नाही निघाली.

मग माणसं शोधणं सुरू झालं. त्या भागात असं काम करणारे उरले होते सातआठ जण, त्यांची यादी ओस्मोनं केली आणि एकेकाला गाठायला लागला. पहिला म्हणाला, नॉर्वेत चाललोय. दुसऱ्याची पाठ दुखत होती. तिसऱ्याला शिकारीचा मोसम संपायचा होता, आणि संपल्यावर आणखी काहीतरी होतं. एका कंपनीनं कारखान्यात कातलेले, पेन्सिलींसारखे गोल गुळगुळीत ओंडके आठ आठवड्यांत आणून देण्याची तयारी दाखवली, पण बाबांची झाडं तिच्या यंत्रात बसत नव्हती. एकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे हाऊकिवारा? विल्योची जागा?" हो म्हटल्यावर, "मग नाही जमायचं," आणि फोन ठेवला. आणखी एक तर काहीच बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि ओस्मोनंच शेवटी "माफ करा हं, त्रास दिला" म्हणून फोन बंद केला. तौनोला पुन्हा विचारावं असं सेइया दोनदा म्हणाली. पण एकदा विचारून झालेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे त्याची गचांडी धरण्यासारखं, एवढं गावचं ओस्मोच्या अंगात उरलं होतं. तेवढंच उरलं होतं, हे पुढं कळलं. जानेवारीत यंत्रवाला आला आणि त्यानं दोन दिवसांत नव्वद झाडं आडवी केली, कारण झाडं हिवाळ्यातच पाडायची असतात आणि तक्त्यात तसं लिहिलं होतं. आता ती बर्फात रचून पडली होती. मे उजाडला की उरलेल्या सालीखाली भुंगे शिरणार, लाकूड बुरशीनं निळं पडणार. बाबांनी वीस वर्षं केलेलं काम एका उन्हाळ्यात जाणार. दर रविवारी बाबा विचारायचे, "तौनो आला का?" ओस्मो म्हणायचा, "येतील." एखाद्या रविवारी बाबा वर्षं विसरत आणि तौनोच्या कधीच वारलेल्या बापाबद्दल विचारत, "हेम्मी आला का?" तेव्हाही तो "येतील" म्हणायचा. दोन्हींचं उत्तर सारखंच आहे, हे त्याला परतताना लिफ्टमध्ये सुचायचं.

यादीत शेवटी रित्वा राहिली होती. पन्नाशीची, तौनोच्याच हाताखाली शिकलेली. तिनं फोनवर एवढंच विचारलं, "झाडं पाडलीस?" पाडली म्हटल्यावर पलीकडून शिवी ऐकू आली, मग "शनिवारी येते बघायला". मार्चातल्या त्या शनिवारी ओस्मो सात तास गाडी हाकून पोहोचला तेव्हा ती आधीच ओंडक्यांच्या राशीवर बसून सॉसेज खात होती. जाडजूड बाई, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. "लाकूड सोनं आहे," ती म्हणाली. "तौनो आला होता ना इथं?"

"ऑक्टोबरात. पण त्यांनी काही सांगितलं नाही."

"काहीच सांगितलं नाही?" रित्वा उतरली, खोपीकडं गेली आणि भिंतीतल्या त्या चिरेत तिनं अंगठा घातला. "मग हे काय आहे?"

"तिथं त्यांची कुऱ्हाड राहून गेली होती."

"राहून गेली होती." तिनं ते शब्द तोंडात घोळवून पाहिले. "तौनोची कुऱ्हाड. अरे, तो माणूस लेकीच्या लग्नात नाचत होता तेव्हासुद्धा त्याला विचारलं असतं तर आपली कुऱ्हाड कुठल्या खुंटीला आहे ते सांगितलं असतं त्यानं. ती राहून जाईल?" मग ती हळू बोलायला लागली, आजाऱ्याशी बोलावं तशी. "सुतारानं काम घेतलं की तो कुऱ्हाड लावून जातो. झालं, शब्द दिला. काम संपेपर्यंत ती त्याची नाही न् तुझीही नाही. मालकाला माणूस पसंत नसेल तर त्यानं ती काढून परत द्यायची. म्हणजे तोंडानं नाही म्हणावं लागत नाही, कुणाची शोभा होत नाही. मी माझ्या आयुष्यात अशी परत गेलेली एकच पाहिली, आणि ती निदान हातानं नेऊन दिली होती. तू पोस्टानं धाडलीस. सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. तौनोला नको म्हणणाऱ्याच्या घरी कुऱ्हाड लावायला कोण येणार?"

"मी सोबत चिठ्ठी लिहिली होती," ओस्मो म्हणाला.

"काय लिहिलंस?"

"काळजी नसावी, म्हणून."

रित्वा हसली. काही माणसं फार वाईट वाटलं की हसतात, तशी. साल मी काढून देते, ती म्हणाली, म्हणजे लाकूड तरी जगेल, पण भिंत उभारणार नाही, तेवढं मला सांगू नकोस. ओस्मो ऐकत नव्हता. त्याचा डावा गाल पेटला होता, आणि या वेळी का ते त्याला माहीत होतं. सहा वर्षांचा होता तो. उन्हाळा होता, जूनचा, न संपणारा उजेड. याच भिंतीत एक कुऱ्हाड होती, आणि त्याला खोपटं बांधायला फांद्या तोडायच्या होत्या. ठोकळ्यावर चढून, लोंबकळून, त्यानं ती काढली होती आणि फार मोठा झाल्यासारखं त्याला वाटलं होतं. मग बाबा आले. बाबांनी त्याला मारलं ते आयुष्यात तेवढं एकदाच, आणि का ते सांगितलं नाही. त्यांनी कुऱ्हाड उचलली, त्याच चिरेत परत बसवली, दोन्ही हातांनी दाबली, मग घरात जाऊन शर्ट बदलला, धुतलेला, चर्चला जायचा, आणि रस्त्यानं चालत निघून गेले ते संध्याकाळी आले. ओस्मोला वाटत राहिलं की बाबा कुऱ्हाडीनं आपल्याला लागेल म्हणून घाबरले. पुढं तर तेही वाटेनासं झालं, घर गेलं, शहर आलं, शाळा, सेइया, बाटल्या, चिठ्ठ्या, आणि ती चपराक आत कुठंतरी बावन्न वर्षं थांबून राहिली. बाबा त्याच दिवशी त्या कुऱ्हाडवाल्याकडं चालत गेले होते. ओस्मो पाच महिन्यांनी चालला होता. तेसुद्धा रित्वानं बोट घालून दाखवलं म्हणून.

तौनोचं घर तलावापलीकडं होतं. बर्फावरून सरळ जाता आलं असतं, पण ओस्मो रस्त्यानं गेला, लांबून, तेवढाच वेळ. तौनोनं दार उघडलं, "ये," म्हणाला, जसं काही तो रोजच यायचा. चुलीवर कॉफी होती. तौनोनं ओस्मोचा कप काठोकाठ भरला आणि स्वतःचा निम्मा. निम्माच का, ते ओस्मोला आता कळत होतं, आणि कळत होतं म्हणून कुठं बघावं ते कळत नव्हतं. खिडकीशेजारच्या फळीवर कुऱ्हाडीचं पातं ठेवलेलं होतं. दांडा नव्हता. "दांडा चुलीत घातला," तौनो म्हणाला. "बर्चचा होता, जुना. चांगला जळला."

"मला माहीत नव्हतं," ओस्मो म्हणाला. लांबच्या रस्त्यानं येताना जुळवलेलं काही नव्हतं हे, आत्ताच तोंडातून निघालं होतं. "ती लावून जाण्याचा अर्थ. मला वाटलं, राहून गेली. शपथेवर सांगतो."

तौनोनं पावाची ताटली त्याच्याकडं सरकवली. "तू चांगला माणूस आहेस," तो म्हणाला. "विल्योसारखाच. पण हे माहीत नव्हतं वगैरे नको रे. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, इथंच, या बाकावर बसलो होतो. तुझा बाप धुतलेला शर्ट घालून दारात उभा राहिला. पोरानं कुऱ्हाड उपटली, मी मारलंय त्याला, मनात धरू नका, म्हणाला. माझा बाप दगड होता, पण त्यानंसुद्धा त्याला हाताला धरून आत घेतलं. ज्या पोरानं त्यापायी मार खाल्ला, त्यालाच माहीत नसेल?"

"विसरलो होतो. खरंच विसरलो होतो."

"पाव घे," तौनो म्हणाला. आणि मग, खिडकीकडं बघत, कुणाला तरी हवामान सांगावं तशा आवाजात, "तू माझा हात पाहिलास. पाहिलास आणि दाराबाहेर बघायला लागलास. मला वाटलं होतं, नसेल लक्षात आलं, अजून एक घर होऊन जाईल. विल्योचं लाकूड होतं ना." त्यानं चष्म्याच्या घरातून घडी केलेला कागद काढला. ओस्मोनं आपलं सुबक अक्षर ओळखलं. "हे वाचलं आणि खरं सांगतो, बरं वाटलं. तोंडावर म्हणाला नाहीस, चार लोकांत म्हणाला नाहीस. वर काळजी नसावी म्हणालास. आमचा डॉक्टर इतकं नीट सांगू शकला नाही."

ओस्मोनं पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त मायाळू खोटं वाटायला लागलं, त्याला स्वतःलासुद्धा. तुम्ही नुसतं उभं राहून सांगा, रित्वा करील, असं तो म्हणाला. तौनोनं मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही, नुसती बोलणं संपलं म्हणून. ओस्मोच्या सगळ्या आयुष्यात त्याचं म्हणणं यंत्रावरच्या आकड्यानं खरं ठरत आलं होतं. भिंतीत इतकी ओल आहे, हा बघा आकडा. इथं दाखवायला काही नव्हतं. मनात काही नव्हतं, हे कुठल्या यंत्रावर दाखवणार? त्यानं पाव खाल्ला. कॉफी संपवली. दारात तौनोनं हात पुढं केला, आणि ओस्मोनं तो धरला, आणि त्याच्या हातात तो हात थरथरत राहिला, धरून ठेवलेल्या पाखरासारखा, आणि किती वेळानं सोडला तर बरं दिसेल हेही त्याला ठरवता येईना.

बाबांना सांगायचंच, असं त्यानं परतीच्या वाटेवर ठरवलं. येतील, येतील, बस झालं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो गेला तेव्हा बाबा खिडकीशी खुर्चीत होते, गुडघ्यांवर पांघरूण, पाठ काँक्रीटच्या भिंतीपासून दोन बोटं पुढं. ते कधीच त्या भिंतीला टेकत नसत. जाळीतून हवा येत होती, जात होती. ओस्मो समोरच्या स्टुलावर बसला. कोट काढला नाही.

"बाबा, मी कुऱ्हाड उपटली," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांचा उजवा हात पांघरुणाखालून निघाला आणि हळूहळू वर यायला लागला. ओस्मोला कळलं, आणि त्याला जे वाटलं ते आनंदासारखं होतं. आता मारतील. कुणीतरी चिडेल, कुणीतरी म्हणेल की तू चुकलास, तौनोसारखं चांगला म्हणणार नाही. हात अर्ध्यावर थकला तसा तो स्वतःच पुढं वाकला, डावा गाल त्या हाताजवळ नेला आणि डोळे मिटले. हात गालाला लागला. कोरडा होता, गार होता, आणि तिथंच राहिला.

"फार लागलं का रे?" बाबा म्हणाले. "मारायला नको होतं मी. एवढंसं पोर, त्याला काय कळतं."

"बाबा, तेव्हाचं नाही. आत्ताची. तौनोची कुऱ्हाड. मी ती..."

"मी परत लावून आलोय," बाबा म्हणाले. अंगठ्यानं ते त्याचा गाल पुसत होते, तिथं काहीतरी ओलं होतं म्हणून. "हेम्मीशी बोलून आलो. मनात नाही धरलं त्यानं. कॉफी पाजली." ते मागं रेलले. किती वर्षांनी कोण जाणे, ते पाठ टेकून बसले, पुरती, काँक्रीटच्या भिंतीला, आणि त्यांनी समाधानानं डोळे मिटून घेतले. "चल, नीज आता. उद्या लवकर उठायचंय. सुतार सहालाच येतात."

ओस्मोनं गालावरचा हात धरून ठेवला.

"उठतो, बाबा," तो म्हणाला.